रविवारी काय खायचं?

हैदराबाद महापालिकेचं पाच रुपयांचं जेवण सोमवार ते शनिवार मिळतं. रविवारी सुट्टी. ज्या बिगाऱ्याला रविवारी साइट बंद म्हणून मजुरी मिळत नाही, त्याला त्याच दिवशी स्वस्त जेवणही मिळत नाही. नामपल्ली स्टेशनबाहेर फूटपाथवर झोपणारा माणूस रविवारी कुणाकडे पाहुणचाराला जात नाही. एटीएमपाशी बारा तास उभ्या असलेल्या रखवालदाराची ड्यूटी त्या दिवशी कमी होत नाही. हे वेळापत्रक ठरवताना कुणीतरी जेवणाला कचेरीसारखं वागवलं, आणि ते बदलायला हवं. या आठवड्यात मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

योजनेबद्दल मला आदर आहे, तो आधी नोंदवतो. मार्च २०१४ मध्ये नामपल्लीच्या सराईत ती सुरू झाली. सातव्या निजामाच्या काळात रेल्वेनं येणाऱ्या वाटसरूंना टेकायला बांधलेली ती सराई. परक्या माणसासाठी उभारलेल्या वास्तूतून परक्या माणसाच्या जेवणाची सुरुवात व्हावी, हे मला फार शोभून दिसलं. तेलंगण राज्य तेव्हा जन्मायचं होतं. ते जूनमध्ये झालं. म्हणजे ही योजना राज्यापेक्षा थोरली आहे. मोजक्या केंद्रांपासून ती दीडशे केंद्रांपर्यंत गेली. शिजवायचं काम हरे कृष्ण मूव्हमेंट चॅरिटेबल फाउंडेशनकडे, वरचे पैसे महापालिकेचे. २०२० च्या टाळेबंदीत, शहरातली हॉटेलं आणि खाणावळी बंद असताना, हेच जेवण फुकट वाढलं गेलं. त्या दिवसांत गावाकडं चालत निघालेल्या कितीजणांच्या पोटात हा भात होता, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. पण होता.

केंद्रावर जाऊन बघा. दुपारी गाडी येते, झाकणं घट्ट लावलेले स्टीलचे मोठे डबे उतरतात. झाकण उघडलं की वाफ आणि सांबाराचा वास रांगेच्या शेवटापर्यंत जातो. पाचाचं नाणं द्यायचं, ताट घ्यायचं. चारशे ग्रॅमच्या पुढंमागं भात, डाळ किंवा सांबार, एक भाजी, लोणच्याची फोड. रांगेत ऑटोवाले, हमाल, पुढची परीक्षा निघायची वाट बघत अशोकनगरला क्लास करणारी पोरं, साडीच्या वर पुरुषी शर्ट घातलेल्या बांधकामावरच्या बाया. भाताच्या ढिगात मधोमध बोटांनी आळं करायचं आणि त्यात सांबार धरायचं, ही तिथली सार्वत्रिक रीत. फार बोलणं होत नाही. पहिली चार-पाच मिनिटं तर कोणी मानही वर करत नाही.

आणि कोणी काही विचारत नाही. आधार नाही, रेशनकार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, गाव कुठलं हे नाही. मी आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी योजनांच्या रांगा पाहिल्या आहेत. माणूस गरीब आहे हे सिद्ध करायला लावल्याशिवाय हात पुढं करणारी योजना विरळा. म्हणून हे पाच रुपयांचं ताट मला मोठं वाटतं.

अमीरपेठेजवळच्या एका लेबर अड्ड्यावर देगलूरकडचा एक मजूर भेटला. पन्नाशीतला. त्या दिवशी काम लागलं नव्हतं. त्यानं दोन ताटांचे पैसे दिले. एक तिथंच खाल्लं, दुसऱ्यातला भात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतला. भूक मोठी असेल असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाला, "रातच्याला. चूल तर गावाकडं हाय न सायेब." उन्हाळ्याचे दिवस होते. सांबार घातलेला भात त्या पिशवीत रात्री नवापर्यंत काय होत असेल, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्याला ते माहीत होतं. तो रोज तसाच खात होता.

त्याच्या त्या वाक्यात या प्रश्नाची सगळी गोम आहे. आपलं अन्नसुरक्षेचं धोरण धान्यावर उभं आहे. २०१३ च्या कायद्यानं माणशी पाच किलो धान्य दिलं. एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून देगलूरच्या कार्डावर हैदराबादेतही धान्य उचलता येतं. तेलंगणनं तर मार्च २०२५ पासून आपल्या कार्डधारकांना बारीक तांदूळ द्यायला सुरुवात केली, आणि ते फार चांगलं केलं. सरकारी तांदूळ म्हणजे जाडाभरडाच असला पाहिजे हा हट्ट कधीतरी मोडायलाच हवा होता. पण तांदूळ शिजवायला चूल लागते, भांडं लागतं, पाणी लागतं, रात्री चोरीला न जाणारा कोपरा लागतो. अड्ड्यावरच्या मजुराकडे यातलं काही नाही. फूटपाथवरच्याकडे नाही. त्यांना शिजलेलं अन्नच लागतं, आणि ते पुरवायची जबाबदारी आज कोणत्याही कायद्यानं कोणत्याही सरकारवर टाकलेली नाही.

टाकायचं ठरलं होतं. अन्नसुरक्षेचं जे विधेयक २०११ मध्ये संसदेत आलं, त्यात निराधारांना दिवसातून एक जेवण मोफत आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडेल अशा दरात जेवण, अशी तरतूद होती. २०१३ मध्ये कायदा होईपर्यंत ती गळली. ज्यांच्या मागं मतदारयादी नाही, संघटना नाही, त्यांचीच कलमं गळतात. पुढं सामुदायिक स्वयंपाकघरांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयानं राज्यांकडे उत्तरं मागितली, वेळेत न देणाऱ्यांना दंडही केला, केंद्राला योजना आखायला सांगितलं. आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला निकाल आला की अन्नसुरक्षा कायदा आहे, इतर योजना आहेत, स्वयंपाकघरं काढायची की नाही ते राज्यांनी बघावं. धोरण ठरवणं न्यायालयाचं काम नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मग ज्यांचं काम आहे त्यांनी ते केलं पाहिजे, आणि ते काय करतात? पाट्या बदलतात.

हैदराबादेत २०२५ मध्ये पाच रुपयांच्या जेवणाच्या या अन्नपूर्णा केंद्रांची इंदिराम्मा कँटीन झाली. विरोधकांनी नावावरून रान उठवलं. रविवारच्या जेवणावरून, रात्रीच्या जेवणावरून कुणी असं रान उठवल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. राजस्थानात २०१६ ची अन्नपूर्णा रसोई २०२० मध्ये इंदिरा रसोई झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा श्री अन्नपूर्णा रसोई. बंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कँटीन आहे. भुकेल्या माणसाला पाटीवर देवी आहे की माजी पंतप्रधान, यानं काही फरक पडत नाही. पण पाटी बदलते तेव्हा कंत्राट बदलतं, बिलं अडकतात, केंद्र महिनाभर बंद राहतं. याचा फरक पडतो.

शेजारच्या आंध्रात काय झालं ते बघा. जुलै २०१८ मध्ये अण्णा कँटीन निघाली, पाच रुपयांत जेवण. २०१९ ला सरकार बदललं आणि ती बंद झाली. २०२४ मध्ये जुने मुख्यमंत्री परतले आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा उघडली. मधल्या पाच वर्षांतच कोविड आला. देशातल्या कष्टकऱ्यांना शिजलेल्या अन्नाची सगळ्यात जास्त गरज असलेल्या काळात तिथली चालू स्वयंपाकघरं कुलपात होती, कारण ती आधीच्यांनी काढली होती. हा मला राजकारणातला सगळ्यात हलका प्रकार वाटतो. उलट उदाहरणही आहे. तमिळनाडूत २०१३ पासून जयललितांच्या नावानं ओळखलं जाणारं अम्मा उनवगम आहे. २०२१ मध्ये द्रमुक सत्तेवर आली त्याच आठवड्यात तिच्या दोन कार्यकर्त्यांनी चेन्नईत एका अम्मा कँटीनच्या पाट्या फाडल्या. पक्षाचे अध्यक्ष स्टालिन यांनी त्यांना पक्षातून काढलं, पाट्या परत लावायला सांगितल्या. विरोधकांच्या नावाची इडली आपल्या सरकारच्या पैशानं वाढायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे. १९९५ मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली. मोक्याच्या जागा दिल्या, टपऱ्या उभ्या राहिल्या. पाच वर्षांत योजना संपली. टपऱ्या राहिल्या, भाकर गेली. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आलं: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात ताटामागं चाळीस आणि ग्रामीण भागात पंचवीस रुपये सरकार देणार. टाळेबंदीत दर पाचावर आणला, २०२१ मध्ये काही महिने मोफत केलं. तेव्हा या थाळीनं फार मोठं काम केलं, आणि ज्यांनी ती सुरू केली त्यांना त्याचं श्रेय मिळायलाच हवं. शिवभोजनाची एक गोष्ट हैदराबादपेक्षा सरस: अनेक केंद्रं गावोगावच्या बचतगटांच्या, बायांच्या हातात होती. अन्न जवळच शिजायचं, चव गावची असायची, चार बायांना रोजगार मिळायचा.

पण हीच गोष्ट त्यांच्या गळ्याशी आली. २०२५ मध्ये केंद्रचालकांची बिलं महिनोन्‌महिने थकली. मोठ्या संस्थेला देणगीदार असतात, ती चार महिने रेटून नेते. बचतगटाची बाई काय करणार? तिचा वाणी उधारीवर डाळ-तांदूळ किती दिवस देणार? गॅसवाला तर सिलिंडरचे पैसे रोख मागतो. आधी भाजी पातळ होते, मग चपातीचा आकार घटतो, मग शटर खाली येतं. केंद्रं अशी बंद पडली. ‘लाडक्या’ बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये टाकणाऱ्या सरकारनं, उन्हातान्हात गॅसपुढं उभं राहून दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या बहिणींची बिलं थकवली. याचं समर्थन होऊ शकत नाही. कोणत्या पक्षाचं सरकार, याच्याशी मला कर्तव्य नाही.

मग उपाय काय? तो महाराष्ट्रानंच पन्नास वर्षांपूर्वी शोधून ठेवलाय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या लोकांना बघून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. काम देता आलं नाही तर भत्ता. तिथंही दाखले मागितले नव्हते; उन्हात खडी फोडायला तयार होतो तो गरजू, एवढी एकच कसोटी. पण त्या योजनेतली खरी हुशारी मला पैशाच्या व्यवस्थेत दिसते. १९७५ मध्ये राज्यानं नोकरदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून थोडे रुपये निघाले आणि त्यात तेवढीच भर राज्य सरकारनं आपली घातली. पैसा कामाला बांधलेला होता. मंत्र्याची मर्जी फिरली, पाटी बदलली, तरी तो दुसरीकडे वळवायला कायदा आडवा येत होता. पुढं पैसे पडून राहिले, वळवलेही गेले, तो इतिहास मला माहीत आहे. तरी पाया पक्का होता, आणि त्या पायावर देशाचा २००५ चा कायदा उभा राहिला.

शिजलेल्या अन्नासाठी नेमकं हेच करायला हवं. तेलंगणातही व्यवसाय कर आहे. हायटेक सिटीतल्या लाखो पगारदारांच्या पगारातून तो दरमहा कापला जातो. त्यातला ठरलेला वाटा पाच रुपयांच्या ताटाला बांधा, आणि तो कायद्यानं बांधा. ज्या काचेच्या इमारतींत ही मंडळी बसतात, त्या उभ्या करणारा मजूर अड्ड्यावरूनच आला होता. माझी खात्री आहे, त्यांना विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणणार नाहीत.

आणि रक्कम तरी किती? इंदिराम्मा कँटीनच्या दुपारच्या जेवणाचा खर्च २९ रुपये ८३ पैसे. त्यातले २४ रुपये ८३ पैसे महापालिका देते. सप्टेंबर २०२५ पासून काही केंद्रांवर नाश्ताही सुरू झाला, इडली, उपमा, पोंगल. त्याला १९ रुपये लागतात, १४ महापालिकेचे. आता समजा, शहरानं रोज एक लाख जेवणं वाढायची ठरवली, आज वाढली जातात त्याहून कितीतरी जास्त, आणि तीही वर्षाचे ३६५ दिवस, रविवार धरून. महापालिकेच्या खिशातून वर्षाला साधारण ९१ कोटी जातील. २०२५-२६ चं हैदराबाद महापालिकेचं अंदाजपत्रक होतं ८,४४० कोटींचं. रुपयातला एक पैसा, किंचित वर. एका उड्डाणपुलाला याहून जास्त लागतात, आणि पुलासाठी कोणी "लोकांना सवय लागेल" असं म्हणत नाही.

हा सवयीचा मुद्दा सुशिक्षितांच्या गप्पांत हमखास निघतो. आयतं मिळालं की माणूस आळशी होतो, रेवडी वाटून देश बुडतो वगैरे. असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं. मे महिन्यातल्या दुपारी डांबरी रस्त्याच्या कडेला कोणी हौसेनं भात-सांबार खायला उभं राहत नाही. रांगेतले बहुतेक जण सकाळपासून काम करून आलेले असतात आणि जेवून पुन्हा कामालाच जातात. शिवाय पाच रुपये मोजून जेवतात. भीक मागत नाहीत.

जे रविवारच्या जेवणाचं, तेच रात्रीच्या जेवणाचं. मे २०२२ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारनं शहरातल्या १८ सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तिन्ही वेळचं जेवण पाच-पाच रुपयांत सुरू केलं होतं. म्हणजे याच शहरात रात्रीचं शिजवणं, वेळेवर पोचवणं, वाढणं जमू शकतं. मग अड्ड्यावरच्या माणसानं आंबलेला भात का खायचा?

याच शहरात तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली. भारतीय माणसाला किती अन्न लागतं, याचं उत्तर देश तिच्याकडून घेतो. तिचे एके काळचे संचालक सी. गोपालन आणि आपले मोठे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्यात जुना वाद होता. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, म्हणून सरासरी उष्मांक मोजून भुकेल्यांचा आकडा फुगवू नका, असं सुखात्म्यांचं म्हणणं. पुण्यातून वि. म. दांडेकरांनी त्याला विरोध केला. गोपालन यांचा आक्षेप असा की, जुळवून घेणारं शरीर त्याची किंमत उंचीत आणि कामाच्या ताकदीत चुकवतं. सुखात्म्यांची विद्वत्ता मी मानतो, पण या वादात मी गोपालन यांच्या बाजूचा. आठवड्याला सहा जेवणांची योजना आखणारा अधिकारी नकळत सुखात्म्यांच्या बाजूला जातो: एक वेळ मिळालं, बाकीचं शरीर बघून घेईल. सिमेंटची पोती उचलणाऱ्याचं शरीर बघून घेत नाही, झिजतं.

ताटातही भात फार आणि बाकीचं थोडं आहे. एक अंडं घाला. शिजवणाऱ्या संस्थेचा आहारनियम वेगळा आहे, तिच्यावर सक्ती नको. तिनं तिचं चोख काम करत राहावं. पण डिसेंबर २०२५ मध्ये आजूबाजूच्या २७ नगरपालिका आणि महापालिका हैदराबादेत विलीन झाल्या, वॉर्ड १५० चे ३०० झाले. तिथं नवी केंद्रं काढावीच लागतील. ती बायांच्या बचतगटांना द्या, अंडं उकडायची मुभा द्या आणि बिल पंधरा दिवसांत चुकतं करायचं बंधन महापालिकेवर घाला. उशीर झाला तर व्याज. आरोग्यलक्ष्मी योजनेत याच राज्यात गरोदर बायांना अंगणवाडीत अंडं आणि दूध मिळतं. तेव्हा सरकारला अंड्याचं वावडं आहे असंही नाही.

शेवटी हैदराबादच्या मराठी मंडळींना एक विनंती. काचीगुड्याला आणि नामपल्लीला उतरणाऱ्या गाड्यांतून नांदेड-परभणीकडचे मजूर आणि दवाखान्याला आलेली माणसं रोज या शहरात येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना तेलुगू वाचता येत नाही. जवळचं पाच रुपयांचं केंद्र कुठं, ते किती वाजता उघडतं आणि किती वाजता संपतं, एवढं मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला फलक दोन्ही स्टेशनांवर लावायला रेल्वेची परवानगी आणि थोडी वर्गणी पुरेल. रविवारी बंद असतं, हेही सध्या त्यावर लिहावं लागेल.